लडकूमामाने आइसलँडकडे पेंढा मागितला

आमच्या घरात मुलीचं लग्न ठरायला मुलगा लागतो, मुलगी लागते आणि लडकूमामाचा होकार लागतो. मुलगा-मुलगी एकमेकांना पसंत असणं ही त्यातली किरकोळ बाब.

लडकूमामा माझ्या आईचा थोरला भाऊ. कर्जत तालुक्यात, कळंबच्या अलीकडे त्याचं गाव. भाताची खाचरं आहेत, दोन म्हशी आहेत. शनिवार-रविवारी तो रिसॉर्टवाल्यांना दूध घालतो आणि उरलेला आठवडा त्यांना नावं ठेवतो. पण तालुक्यात त्याची खरी ओळख आहे ती स्थळाची चौकशी करणारा म्हणून. भावकीत, सोयऱ्यांत, सोयऱ्यांच्या सोयऱ्यांत कुठेही मुलगी द्यायची असली की आधी मामाला बोलावणं जातं.

त्याची पद्धत ठरलेली आहे. ज्या घराची माहिती हवी त्या घराची पायरी चढायची नाही. डोक्याला टॉवेल गुंडाळायचा, फटफटी गावाबाहेर लावायची आणि 'पेंढा मिळंल का पेंढा' करत गावात शिरायचं. गिरणीवर थांबायचं, न्हाव्याकडे टेकायचं आणि बोलता बोलता विचारायचं, "त्या अमक्याकडं हाय का पेंढा? माणूस कसा हाय बोलाचालायला? पोरगा काय करतो?" पेंढ्याच्या निमित्ताने माणसं दुसऱ्याच्या घरातलं सगळं ओततात. हल्ली आमच्याकडे निम्मं गाव जमिनीच्या व्यवहारात असतं, म्हणून मी एकदा म्हटलं, "मामा, पेंढा कोण विचारतो आता? जागा बघायला आलोय म्हणून सांग की." तर म्हणाला, "जागेचं नाव काढलं की गाव खोटं बोलायला लागतं गं. पेंढ्यासाठी खोटं बोलून कोणाला काय मिळतं?"

माझं स्थळ त्याने असंच बघितलं. चौक गावात पेंढा मागत फिरला, विहिरीचं पाणी प्यायला, सासऱ्यांचा आवाज लांबून ऐकला आणि घरी येऊन सांगितलं, "पाणी गोड हाय, पोरगा गरीब हाय, देऊन टाका." नवरा घोरतो ही माहिती पेंढ्यातून निघाली नाही. त्याबद्दल मी मामाला अजून माफ केलेलं नाही.

तरी मामाला मानावं लागतं ते वेगळ्या कारणासाठी. मुलगी दिली की त्याचं काम संपत नाही, तिथून सुरू होतं. माझा मुलगा चालायला लागल्यावर मी परत शाळेत शिकवायला जायचं म्हटलं, तर सासूबाईंनी मोडता घातला. मी आईजवळ फोनवर रडले. दुसऱ्या दिवशी सकाळी दारात फटफटीचा आवाज. मामा आला आणि ओटीवर बसला. भांडला नाही, रागावला नाही. चहा दिला, नको म्हणाला. जेवायला हाक मारली, तर स्वतःच्या पिशवीतली भाकरी सोडून बसला. येणाऱ्या-जाणाऱ्याने विचारलं, "काय पावनं, का बसलाव?" की म्हणायचा, "भाचीला बघतोय." दुपारपर्यंत अख्ख्या आळीत कुजबुज सुरू झाली. दिवेलागणीला सासूबाई मला म्हणाल्या, "सोमवारपासून जा बाई शाळेत, पण ह्यांना उठव." मग मामा पोटभर जेवला आणि वर आमटीची तारीफही केली.

म्हणून आमच्याकडच्या मुली सासरी जाताना रडतात त्या रीतीपुरत्या. मागे मामा आहे हे त्यांना माहीत असतं.

आता माझी धाकटी बहीण हर्षला. ती रसायनीला एका कारखान्याच्या लॅबमध्ये नोकरी करते. तिथे दोन टेबलं पलीकडे शिळफाट्याचा साईनाथ बसायचा. पुढे तो जमिनीतल्या वाफेवर वीज कशी करतात ते शिकायला आइसलँडला गेला आणि तिथेच नोकरीला लागला. मधल्या काळात हर्षलाचा फोन कायम चार्जिंगला लावलेला असे, यावरून आम्ही काय ते समजलो. घरात मात्र सगळे 'स्थळ आलंय' असंच म्हणत होते. आमच्याकडे प्रेम जमलं तरी ते स्थळ म्हणूनच दारातून आत येतं.

साईनाथ सुट्टीवर आला तेव्हा त्याची आई सोनाबाई आमच्याकडे येऊन स्पष्ट बोलल्या. मुलगा परत जायच्या आत साखरपुडा झाला पाहिजे. पनवेलचंही एक स्थळ थांबून आहे. रविवारपर्यंत काय ते सांगा.

आई म्हणाली, "दादाला विचारते."

हर्षलाचा चेहरा पडला. मामाने नाही म्हटलं तर बाबा पुढे पाऊल टाकणार नाहीत, हे तिला पक्कं ठाऊक होतं. आमचे बाबा, बुधाजी, आयुष्यात दोनच माणसांचं ऐकत आले आहेत. एक हवामान सांगणारा आणि दुसरा मेव्हणा. पहिल्याच्या चुका तरी निघतात.

मामा आला. साईनाथ लॅपटॉप घेऊन आला. मी मुद्दाम चौकहून आले, कारण ही मजा चुकवण्यासारखी नव्हती.

"नकाशा राहू दे," मामा म्हणाला. "चतुःसीमा सांग."

"म्हणजे?"

"खरेदीखतात असते तशी. पूर्वेला काय, पश्चिमेला काय."

साईनाथने जरा विचार केला. "पूर्वेला समुद्र. पश्चिमेला समुद्र. दक्षिणेला समुद्र."

"आणि उत्तरेला?"

"तिकडं पण समुद्रच, फक्त जास्त गार."

मामाची कळी खुलली. "म्हणजे बांधावरून भांडण नाय. चांगलं हाय. एवढा भाग जमला."

मग साईनाथने आकार सांगितला. तीन आइसलँड जोडले तर एक महाराष्ट्र होतो. मध्ये बर्फाचे डोंगर, काळा दगड आणि ओसाड माळ. झाडं नावाला, वस्ती सगळी किनाऱ्याने. आणि माणसं? माणसं पुरती चार लाखसुद्धा नाहीत.

"म्हणजे आपला कर्जत आणि खालापूर मिळून जेवढी, तेवढीच समजा," साईनाथ म्हणाला.

मामा चमकला. "दोन तालुक्यांचा देश?"

"हो. त्यात राष्ट्रपती आहे, पंतप्रधान आहे, मंत्री आहेत."

"दोन तालुक्यांना पंतप्रधान कशाला रं? दोन तहसीलदार पुरे."

साईनाथ नेटाने समजावत गेला. राष्ट्रपतीला लोक थेट मत देऊन निवडतात, पण कारभार पंतप्रधान चालवतो. संसदेचं नाव आल्थिंग. एकच सभागृह, त्यात त्रेसष्ट खासदार.

"दोन तालुक्यांना त्रेसष्ट?" आतापर्यंत गप्प बसलेले बाबा एकदम म्हणाले. "आमच्या वाट्याला एक पण पुरता येत नाय."

"सैन्य किती?" मामाने विचारलं.

"सैन्य नाही. किनाऱ्यावर गस्तीच्या बोटी आहेत. पण त्या बोटींच्या जोरावर मागं त्यांनी मासेमारीच्या हद्दीवरून इंग्लंडशी भांडण काढलं होतं. आणि जिंकलं."

"मासळीवरून?"

"मासळीवरून."

मामा आईकडे वळून म्हणाला, "गौरे, माणसं आपलीच हायत गं." त्यात ती माणसं सुकी मासळी लोणी लावून खातात असं कळल्यावर आई पण निम्मी तयार झाली. लोणी कशाला, एवढीच तिची हरकत होती.

पण खरी खळबळ उडाली ती जमिनीवरून. साईनाथ सहज बोलून गेला की त्या देशाच्या मधून जमिनीला भेग गेलेली आहे, एक बाजू अमेरिकेकडे सरकते आणि दुसरी युरोपकडे, त्यामुळे दर वर्षी देश साधारण दोन सेंटिमीटर रुंद होतो. आमच्या भागात वीतभर बांध सरकला तर दोन पिढ्या कोर्टात जातात. इथे जमीन आपणहून वाढत होती आणि कोणी काही करत नव्हतं.

"वाढलेली जमीन कोणाच्या नावावर चढते?" मामाने आवाज खाली आणून विचारलं.

"कोणाच्याच नाही."

"मग तलाठी काय करतो?"

साईनाथने विषय बदलून सांगितलं की याच भेगेच्या काठावर हजार वर्षांपूर्वी त्यांची संसद भरायची, उघड्यावर. एक माणूस खडकावर उभा राहून सगळे कायदे तोंडपाठ म्हणून दाखवायचा. लिहायची पद्धत नंतर आली.

"ते एक बरं," मामा म्हणाला. "पाठ असलेला कायदा कोणाला फाडता येत नाय."

थंडीत दिवस चार तासांचा असतो आणि उन्हाळ्यात रात्रच होत नाही, हे ऐकून मामाला काळजी पडली ती भुतांची. उन्हाळ्यात ती बिचारी बाहेर कधी पडणार? डास तिथे नव्हतेच, मध्यंतरी सापडले तर देशभर बातमी झाली, असं साईनाथ म्हणाला.

"किती सापडले?"

"तीन."

"तीन हजार?"

"तीन. एक, दोन, तीन."

"मग तिघांची नावं पण छापली असतील," मामा म्हणाला, आणि हर्षलाने इतका वेळ दाबून ठेवलेलं हसू फुटलं.

ज्वालामुखीचा विषय निघाला तेव्हा मात्र कोणी हसलं नाही. साईनाथने लपवलं नाही, म्हणाला, एका गावाजवळ जमीन फाटली तेव्हा सगळं गाव आधीच हलवलं होतं. आमच्या तालुक्यात पावसात डोंगर गावावर खाली येतो म्हणजे काय, हे सगळ्यांना ठाऊक आहे. मामाने एवढंच विचारलं, "आधीच हलवलं?" साईनाथ म्हणाला, "हो, आधीच." मामाने मान हलवली.

मग तो मुद्द्यावर आला. "तिथं चौकशी करायची झाली तर माणसं कुठं बसतात? नाका कुठला?"

"नाका नाही, मामा. प्रत्येक गावात पोहायचा तलाव असतो आणि त्याच्या कडेला गरम पाण्याचं कुंड. जमिनीतूनच येतं ते पाणी. संध्याकाळी सगळे त्यात गळ्यापर्यंत बसून गप्पा मारतात. मास्तर, कोळी, कधी मंत्री पण."

"मंत्री? पाण्यात?"

"आणि पाण्यात उतरायच्या आधी सगळे कपडे काढून, साबण लावून अंघोळ करावी लागते. नियम आहे."

"मंत्र्याला पण?"

"मंत्र्याला पण."

"मग लोकशाही हाय," मामाने निकाल दिला.

शेवटी साईनाथने सांगितलं की तिकडे लग्न झाल्यावर बाई नाव बदलत नाही. बापाचं नाव लावते ते मरेपर्यंत. बुधाजीची मुलगी ती बुधाजीची मुलगीच. हे ऐकून बाबा उठले आणि आत जाऊन साईनाथसाठी स्वतःच्या हाताने चहा घेऊन आले. बाबांना स्वयंपाकघराचा रस्ता माहीत आहे हे आईला त्या दिवशी कळलं.

एवढं सगळं जुळल्यावर मामा हो म्हणेल असं सगळ्यांना वाटलं. तो उठला, चपला घातल्या आणि म्हणाला, "बघतो."

मी त्याच्या मागोमाग फटफटीपर्यंत गेले. मला रागच आला होता. "मामा, आता काय राहिलं? बांध नाय, डास नाय, बाप खूश हाय. त्या पोरीचा जीव टांगणीला लावलास तू."

मामा किक मारायची सोडून तसाच उभा राहिला. "छाये, तुझ्या सासरी मी सकाळी निघून चहाच्या वेळेला पोचलो होतो. सगळ्या पोरी मी तेवढ्याच अंतरात दिल्यात गं. फटफटीच्या अंतरात. मुलगा चांगला हाय, मला दिसतंय. पण उद्या काय झालं, तर मी ओटीवर बसायला जाऊ कसा? तिथं ओटी तरी हाय का?"

मामाला काहीतरी जमणार नाही, हे मी पहिल्यांदाच त्याच्या तोंडून ऐकलं आणि मला ते अजिबात आवडलं नाही.

दुसऱ्या दिवशी मामा परत आला. रात्रभर विचार करून त्याने ठरवलं होतं की निदान चौकशी तरी रीतसर व्हायला हवी. साईनाथ ज्या बाईच्या घरात भाड्याने राहतो तिचा नंबर त्याने मागून घेतला होता. गुद्रून तिचं नाव. हर्षलाने फोन लावायचा, इंग्रजीत बोलायचं आणि मामा सांगेल तेच सांगायचं.

"काय सांगू?"

"सांग, पेंढा पायजे."

हर्षलाने फोन खाली ठेवला. "मामा, सरळ विचारू ना तिला."

"सरळ विचारलं की सरळ उत्तर येतं. त्याचा काय उपयोग?"

तिने माझ्याकडे बघितलं. मी खांदे उडवले. लग्न तिचं होतं, माझं झालेलं होतं.

फोन लागला. पडद्यावर पिकल्या केसांची, लाल गालांची बाई आली. हर्षलाने सांगितलं की आम्ही भारतातून, साईनाथच्या गावाकडून बोलतोय आणि माझ्या मामाला गुरांसाठी पेंढा हवा आहे. बाईने तीनदा विचारून खात्री करून घेतली. मग तिने फोन खिडकीकडे नेला आणि लांबवर माळावर पांढऱ्या प्लास्टिकात गुंडाळलेले गवताचे मोठमोठे गठ्ठे दाखवले. मामा क्षणभर चौकशी विसरला. "कसं गुंडाळलंय बघ, भिजायची बातच नाय."

मग तो हळूच मूळ विषयाकडे वळला. आमच्याकडचा तो साईनाथ तुमच्याकडे राहतो म्हणे, कसा आहे? बाई म्हणाली, चांगला आहे. दारात बूट काढतो, जिना झाडतो, माझ्या मांजराशी तुमच्या भाषेत बोलतो. एकदा त्याने मासळी तळली तेव्हा वासाने खालचे शेजारी वर आले आणि जेवूनच गेले. पण तुम्हाला गवत किती हवं, गुरं किती आहेत?

"सांग, बरीच हायत," मामा म्हणाला, आणि चौकशी छान झाली म्हणून समाधानाने फोन बंद करायला लावला.

आमच्याकडे हा विषय इथेच संपला असता. चौकमध्ये माझ्या वेळी ज्यांच्याकडे पेंढा मागितला त्यांनी नंतर कधी विचारलंसुद्धा नाही. मागणारा पेंढ्यासाठी आलेला नाही हे देणाऱ्यालाही कळतं, आणि देणाराही आपल्या मुलीच्या वेळी असाच कुठेतरी पेंढा मागून आलेला असतो. पण गुद्रूनबाईंच्या गावात ही रीत नव्हती.

रविवारी सगळे जमले. सोनाबाई साखरेचा पुडा घेऊनच आल्या होत्या, पण तो पिशवीतून बाहेर काढला नव्हता. पनवेलवाल्यांचा फोन येऊन गेला, हे त्यांनी आल्या आल्या सांगितलं. हर्षला नवी साडी नेसून दाराआड उभी. मामा ओटीवर भिंतीला टेकून बसलेला. काय बोलणार हे त्याचं त्यालाच ठरत नव्हतं, मला दिसत होतं.

इतक्यात साईनाथ आला, तोच घामाघूम होऊन. "आइसलँडकडं पेंढा कोणी मागितला?"

बाबांनी मामाकडे बघितलं. मामाने छताकडे बघितलं.

साईनाथने सांगितलं ते असं. गुद्रूनबाईंना वाटलं, लांबच्या देशातून माणसं गवतासाठी फोन करतात, म्हणजे तिकडे काहीतरी मोठं संकट आलं असणार. त्यांनी उत्तरेला मेंढ्या पाळणाऱ्या भावाला कळवलं. भाऊ तिथल्या पंचायतीचा सदस्य, त्याने पंचायतीच्या बैठकीत विषय काढला. बैठकीतून तो विषय भावाच्या वर्गमित्राकडे गेला आणि वर्गमित्र खासदार निघाला. तो खासदार संध्याकाळी गरम पाण्याच्या कुंडात बसला असताना शेजारी शेतीमंत्री येऊन बसले. दोघेही साबण लावून आलेले. आता शेती खात्यातल्या एका बाईंनी साईनाथला फोन केला होता आणि त्या पुन्हा करणार होत्या.

"माझी नोकरी तिथं आहे, मामा!" साईनाथ रडकुंडीला आला होता. "ऑफिसात सगळे विचारतायत, तुमच्याकडची गुरं कशी आहेत म्हणून. चहावाल्या बाईंनी मला मिठी मारली!"

सोनाबाई उठून उभ्या राहिल्या. "अशी माणसं असतील तर मला विचार करायला लागंल," असं म्हणून त्यांनी पिशवी काखेत मारली. दाराआडून हुंदका ऐकू आला. मला मामाचा इतका राग आला की काय सांगू.

आणि फोन वाजला.

पडद्यावर तीन तोंडं दिसली, गुद्रूनबाई, त्यांचा दाढीवाला भाऊ आणि शेती खात्यातल्या बाई. तिघांच्या चेहऱ्यावर इतकी काळजी होती की मला स्वतःच्या गुरांचं वाईट वाटायला लागलं, आणि माझ्याकडे गुरं नाहीत. खात्यातल्या बाई सांगत होत्या की गवत बाहेर पाठवायचे नियम कडक आहेत, पण मंत्र्यांनी आठवण ठेवून दोनदा विचारलं आहे. पूर आला का? गुरं किती दिवस उपाशी आहेत? लहान वासरं आहेत का?

हर्षला डोळे पुसत पुढे आली आणि मामाकडे बघून म्हणाली, "आता काय सांगू? बोल."

मामाने डोक्याचा टॉवेल काढला. तो टॉवेल काढतो तेव्हा फक्त खरं बोलतो.

"सांग त्यांना, म्हशी दोनच हायत. दोन्ही धडधाकट हायत. पेंढ्याची उडवी दारात हाय."

हर्षलाने सांगितलं. तिकडची तोंडं गोंधळली.

"मग फोन कशाला केलात, असं विचारतायत."

"सांग, पोरगी द्यायची होती. आमच्यात पोरीसाठी असं पेंढा मागून बघतात. खोटं बोललो, माफ करा म्हणावं."

हे इंग्रजीत सांगायला हर्षलाला बराच वेळ लागला. मध्येच तिने स्वतःकडे बोट दाखवलं. तिकडे गुद्रूनबाईंनी दोन्ही हात तोंडावर घेतले, भावाने दाढी खाजवली. खात्यातल्या बाई मात्र गंभीर होत्या. त्या म्हणाल्या, चौकशी बंद करताना कारण द्यावं लागतं, मंत्र्यांना सांगावं लागेल. मग त्यांनी विचारलं, "मुलगी म्हणजे ह्याच का?" आणि हर्षला हो म्हणाल्यावर म्हणाल्या, "बरं. तसं सांगते. पोचल्यावर एकदा कळवा म्हणावं."

फोन बंद झाला. सोनाबाई दारातच उभ्या, एक पाय पायरीवर.

मामा उठला, हात जोडून त्यांच्यासमोर गेला. "विहीणबाई, बसा."

विहीणबाई! तोपर्यंत तो त्यांना नुसतं बाई म्हणत होता. आईने पटकन पदर डोळ्यांना लावला. सोनाबाईंनी मामाकडे बघितलं, हर्षलाकडे बघितलं आणि काखेतली पिशवी खाली ठेवली.

"हे अचानक कसं झालं?" बाबांनी विचारलं.

"अचानक कसलं भावजी," मामा म्हणाला. "आपल्या ओढ्यावरच्या साकवासाठी मी तालुक्याला किती खेपा घातल्या, तुमाला ठाऊक हाय. साकव खरा, ओढा खरा, वाहून गेलेली बकरी पण खरी. कोणी विचारलं? आणि तिथं माझ्या खोट्या पेंढ्यासाठी मंत्री पाण्यात बसून काळजी करतो. खोट्या पेंढ्याला एवढं विचारतात, तर आपल्या खऱ्या पोरीला विचारणार नाय?"

साखर निघाली. बाबांनी साईनाथला मिठी मारली, बहुधा गुरांच्याच दुःखाची. मी मामाचा राग तिथल्या तिथे सोडला, फक्त घोरण्याचा तेवढा बाकी ठेवला.

हर्षला मामाच्या पाया पडली आणि उठता उठता हळूच म्हणाली, "मामा, पण खरंच कधी काय झालं तर? तू तर तिकडं येऊ शकणार नाय."

"मी कशाला येतो?" मामा तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाला. "तू नुसता एक फोन कर. मी इथून पेंढा मागायला लागतो."